घाईत उरकलेला अल्बम
ड्रायरमधून काढलेल्या गरम कपड्यांचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. कॅनडात, विनिपेगच्या आमच्या बेसमेंटमध्ये मुलीचा बँड दुसरा अल्बम रेकॉर्ड करत होता, तेव्हा माइकमध्ये आवाज जातो म्हणून दोन विंटर मी तिथला ड्रायर बंद ठेवला, ओल्या जीन्स जिन्याच्या कठड्यावर वाळवल्या. आणि पेपरातल्या त्या मेल्या समीक्षकाने काय लिहावं? ‘घाईत उरकलेला अल्बम.’ घाईत? मी ओरडले, “फोन लाव त्याला, मी बोलते!” “आई, प्लीज, लेट इट गो,” मुलगी म्हणाली आणि तिने गिटार केसमध्ये ठेवली. ती केस अजून ड्रायरशेजारीच आहे. आता मी ड्रायर हवा तेव्हा लावते. ‘आई, बंद कर!’ म्हणून खालून कुणी ओरडत नाही.