वहिनी गोळ्या विसरल्या नव्हत्या

करमाडच्या शेतावर मी स्पिरुलिना नावाचं शेवाळ वाढवतो. निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला लागतात, मी हौद बांधले. बिअरच्या कारखान्यात जन्म एन्झाइमशी खेळण्यात गेला, त्यामुळे पुढचं काम अवघड नव्हतं. हिरवा लगदा फडक्यातून गाळायचा, कोमट पाण्यात कालवायचा, त्यात एन्झाइम सोडायचं. ते प्रथिनांच्या लांब साखळ्या तोडतं. ते तुकडे म्हणजे पेप्टाइड. पचायला हलके, आणि त्यांतले काही रक्तदाबावर काम करत असावेत असं प्रयोगशाळेत दिसतं. वेळेवर उकळून एन्झाइम थांबवलं नाही, तर वाळवून पाकिटात भरून विकतो ती भुकटी कडूजहर होते. माझी आता होत नाही. हे मला जमलंय, आणि बेधडक सांगतो.

सांगायचं राहिलं ते वेगळंच.

पहिली भुकटी कडू झाली होती. थोरल्या वहिनींनी ती पिठल्यात घालून पाहिली.

"भावजी, कडुनिंब घातला का काय?"

"औषध कडूच असतं. ह्यानं बीपी उतरतं. त्या गोळ्या ठेवा बाजूला."

काचेच्या नळीत दिसलेलं माणसातही तसंच घडतं, याचा कसलाही पुरावा माझ्याकडं नव्हता. वहिनींनी विश्वास ठेवला. थोड्याच दिवसांत त्यांना अर्धांगाचा झटका आला. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चालू होत्या का? वहिनींची जीभ उचलत नव्हती. मीच म्हणालो, "विसरल्या असतील."

पुढं वाचा परत आली, हातही बराच सुधारला. पण घरात त्या विसरभोळ्या ठरल्या त्या ठरल्याच. पुतण्यानं गोळ्या कपाटात कुलपात ठेवल्या. गॅसला हात लावू देईना, मुकुंदवाडीला बहिणीकडं एकटं जाऊ देईना. वहिनींनी माझं नाव कधीच घेतलं नाही.

गेल्या रविवारी जेवताना पुतण्या पाहुण्यांना म्हणाला, "आईला सांगून उपयोग नाय. तिच्या ध्यानातच राहत नाय."

मी पानावरच सगळं सांगून टाकलं. गोळ्या मी सोडायला लावल्या, आणि डॉक्टरांपुढं खोटंही मीच बोललो.

पुतण्याचा घास हातात राहिला. "काका, इतकी वर्षं?"

"व्हय."

वहिनी भाकरी मोडत होत्या. "मला वाटलं, तुमचं काम आत्ता कुठं उभं राहतंय, बोलले तर बसंल. म्हणून गप राहिले. पण तुमी लई वेळ लावला, भावजी."

"चुकलं माझं."

"ते मला तवाच कळलं होतं. आता पाकिटावर छापा, हे खाणं हाय, औषध नाय. गोळ्या सोडू नका म्हणावं." मग लेकाकडं हात पुढं केला. "कपाटाची चावी दे."

पाकिटाचा नवा मजकूर मी छापायला दिला आहे. भुकटी चांगली आहे, ती माझ्या बढाईशिवायही खपेल.

सोमवारी वहिनी मुकुंदवाडीला निघाल्या. पुतण्या गाडी काढत म्हणाला, "सोडतो ना."

"रिक्षावाल्याला पत्ता सांगता येतो मला," त्या म्हणाल्या, आणि चपला घालून पायऱ्या उतरल्या.