फायरवॉल अडकला आणि मी सिस्टरवर खेकसलो

मंडळी, हे सांगायलाच हवं.

आज ताम्हिणीजवळच्या एका छोट्या दवाखान्यात फायरवॉल अपडेट करायला गेलो होतो. तिथलं सगळं इंटरनेट त्या एका डब्यातून जातं. रीस्टार्ट केला आणि तो अर्ध्यातच अडकला. तीनदा बंद-चालू केला, तरी दिवा नारिंगीच.

तेवढ्यात छातीत दुखतंय म्हणून एका काकांना आणलं. त्यांचा ईसीजी ताबडतोब पुण्याच्या डॉक्टरांना पाठवायचा होता. मोबाईलला रेंज नाही.

मी सिस्टरवर खेकसलो, "डब्याला कुणी हात लावला?"

"कुणीच न्हाई सर. तुमचाच मोबाईल हाय की त्या डब्याला चार्जिंगला."

डब्याच्या यूएसबीतली मोबाईलची वायर उपटली आणि तो परत चालू केला. माझ्या मोबाईलला पेन ड्राइव्ह समजून डबा त्यावरूनच सुरू व्हायला बघत होता! पाच मिनिटांत दिवा हिरवा, ईसीजी पोचला, काका ॲम्ब्युलन्सने पुण्याला निघाले.

इतकी वर्षं कुठेही गेलो की पहिला प्रश्न हाच विचारतो, कुणी हात लावला? त्यातल्या किती वेळा तो हात माझाच असेल?