बंद काचांची जीप

जीपवाल्याच्या नकळत मी मागची काच उघडली, हा माझा शुद्ध वेडेपणा. तेव्हा नुकतीच आजी झाले होते आणि सगळं जग माझ्या नातवावर टपलंय, असं मला वाटायचं. बाळंतीण लेकीला आणि बाळाला परभणीहून गावी आणत होते. जिंतूरच्या पुढं कच्चा रस्ता लागताच त्या मिशाळ माणसानं सगळ्या काचा लावून घेतल्या आणि ब्लोअर पुरा सोडला. घडीघडीला जाळीसमोर तळहात धरून वारा बघायचा, मग आरशातून मागं बघायचा. एवढं काय बघतोय मेला? वाऱ्यात गुंगीचं औषध तर नाही? पदर नाकाला लावून मी हळूच काच सरकवली.

चाकांमागची सगळी धूळ आत ओढली गेली. बाळ खोकून खोकून लालबुंद झालं.

"आई, लाव ती आधी!" लेक ओरडली.

त्यानंच गाडी थांबवून काच लावली. "ब्लोअरनं आत हवा भरून ऱ्हायली की धूळ शिरत न्हाई," एवढंच बोलला. बाळ निवलं, झोपलं. माझे डोळे मात्र जीपवाल्याच्या मानेवरून हलेनात.

आरशात बघत तो म्हणाला, "मावशी, माज्यावर कितीबी नजर ठेवा, पन काच लावून ठेवा."