जॅकेट अंगावर असेपर्यंत

हॉस्पिटलातल्या मोठ्या सिस्टरबाईंना सगळे पाठीमागे ‘हवालदार’ म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. मोठा अपघात झाला तर कोणी काय करायचं, याची रंगीत तालीम त्या वरचेवर घ्यायच्या. तालीम म्हटली की डॉक्टरांच्याही कपाळाला आठ्या पडत. एक नियम मात्र बाईंनी सगळ्यांच्या डोक्यात ठोकून बसवला होता. हुकूम देणाऱ्याचं केशरी जॅकेट ज्याच्या अंगावर, त्याने फोनचं टेबल सोडायचं नाही आणि पेशंटला हात लावायचा नाही. तो एकाच्या जखमेत गुंतला, की बाकीच्यांचे हाल कुत्रा खाणार नाही.

कारखान्याचं छप्पर कोसळलं, त्या दुपारी जॅकेट त्यांच्याच अंगावर होतं. दारात डॉक्टर जखमींच्या मनगटाला चिठ्ठ्या बांधत होते. लाल म्हणजे ताबडतोब, पिवळी म्हणजे थोडं थांबेल, काळी म्हणजे आता उपाय नाही. काळ्या चिठ्ठीवाल्यांना कोपऱ्यातल्या खोलीत न्यायचं, हे बाईंनीच ठरवलेलं. त्यांच्यापाशी कोणी थांबायचं, हे ठरवायचं राहूनच गेलं होतं. तालमीत ती खोली रिकामी असायची ना!

टेबलासमोरून एक स्ट्रेचर गेलं. त्यावर बाईंचा धाकटा भाऊ होता. आईच्या माघारी त्यांनीच लहानाचा मोठा केलेला. मनगटाला काळी चिठ्ठी.

जॅकेट द्यावं तर कोणाला? बदलीची सिस्टर ऑपरेशनला उभी होती. फोन वाजत होता, रक्त संपत आलं होतं, दारात आणखी गाड्या लागल्या होत्या. दुसऱ्याच्या माणसावर बेतलं की नियम पाळणं किती सोपं असतं!

त्यांनी झाडलोट करणाऱ्या मावशींना हाक मारली.

"मावशी, कोपऱ्यातल्या खोलीत जा. हात धरून बसा त्यांचे. कोणाला एकटं जाऊ देऊ नका."

माझा भाऊ आहे तिथे, एवढं काही त्यांच्या तोंडून निघालं नाही. त्या फोनकडे वळल्या.

दिवस कलताना बदलीची सिस्टर आली. जॅकेट तिच्या हाती देऊन बाई धावतच खोलीत शिरल्या. चादरी तोंडावरून ओढलेल्या होत्या. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"हा पोरगा सारखा विचारत होता, ताई आली का," मावशी म्हणाल्या. "दिसत नव्हतं हो त्याला. शेवटी मीच म्हटलं, आलेय रे बाळा. मग निवांत झाला." त्यांनी पदराने डोळे पुसले. "बाई, त्याच्या ताईला शोधून कळवायला हवं."