दाराजवळची खुर्ची

इस्त्रीवाल्या बाई दिवसभर इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायच्या आणि संध्याकाळी साक्षरता वर्गाच्या आम्हा नव्या शिक्षकांना, मोठ्या माणसांना अक्षरं कशी शिकवायची ते शिकवायच्या. मी शाळेत तीस वर्षं खडू झिजवलेला. ह्या मला काय शिकवणार, म्हणून नाक मुरडूनच बसलो होतो.

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्याला हातही लावला नाही. एक खुर्ची उचलून दाराजवळ ठेवली. "नवा माणूस इथंच बसेल. तो आपणहून हलत नाही तोवर त्याला काही विचारायचं नाही." संपला धडा! मला हसूच आलं.

सरावासाठी माझ्या वाट्याला एक नळदुरुस्तीवाला आला. पन्नाशीचा, राकट हातांचा. सामानाची यादी मुलीकडून वाचून घ्यायचा. "लग्न होऊन ती गेली की मी काय करू, गुरुजी?" म्हणाला, आणि बरोब्बर त्याच खुर्चीत बसला. रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट होता, म्हणून मी सवयीनं दार लावून घेतलं. मधल्या सुट्टीत गडी बाहेर गेला तो परतलाच नाही.

"दार कुणी लावलं?" बाईंनी विचारलं. मी मान खाली घातली.

"मी शिकायला आले तेव्हा दार लागलं की मीही अशीच पळाले होते, दोनदा. मग कुणी बोलवायलाच आलं नाही. सात वर्षं गेली माझी."

रविवारी त्या मला घेऊन त्याच्या घरी गेल्या. शिकण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. वर्गाच्या मोरीतला नळ गळतोय, तेवढा बघून जा, म्हणाल्या. सोमवारी तो आला, नळ दुरुस्त केला आणि हात पुसत पुन्हा दाराजवळ बसला. मी दार सताड उघडं ठेवलं आणि घसा बसेपर्यंत ओरडून शिकवलं. त्याला मात्र एकही प्रश्न विचारला नाही.

तीन आठवड्यांनी, भर वर्गात, तो उठून उभा राहिला. हा पुन्हा चालला!

त्यानं दार ओढून घेतलं आणि कडी लावली. "किती हा गोंगाट, गुरुजी! काही ऐकू येत नाही." मग खुर्ची उचलून पहिल्या रांगेत आणली.

मी थक्क होऊन बाईंकडे पाहिलं. तीस वर्षं मी दारं लावत आलो होतो. कोण कुठं बसलंय, हे कधी पाहिलंच नव्हतं.

मागच्या बाकावरून त्या हळूच म्हणाल्या, "आता विचारा."