इथवर ठीक हाय

सदर भागातल्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी कोराडीहून बसने येणारा एक सहकारी बसायचा. वेबपेज अडलं की तो स्क्रिप्टमध्ये मध्येच एक ओळ घालायचा. स्क्रिप्ट तिथपर्यंत नीट चालली, तर ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे चुका दाखवणाऱ्या खिडकीत, उमटायचं, ‘इथवर ठीक हाय’. काम झाल्यावर ती ओळ काढायला तो हमखास विसरायचा आणि माझं डोकं फिरायचं.

एक फॉर्म अधूनमधून अडायचा. त्यावरून मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. “तुझ्याच या कचऱ्यानं बिघडून राहिलं. माझ्या कोडले पुन्हा हात लावू नको.”

“पाहून राहिलो होतो ना गा,” एवढंच तो म्हणाला.

त्या उन्हाळ्यात तो अचानक गेला. त्याच्या घरून फोन आला, तेव्हा त्याची खुर्ची टेबलाखाली नीट सरकवलेली होती.

परवा तोच फॉर्म पुन्हा अडला. कन्सोल उघडला तर त्याचं ‘इथवर ठीक हाय’, आणि लगेच खाली लाल अक्षरांत एरर. स्क्रिप्ट उघडून पाहिली. त्याच्या ओळीला लागूनच चुकलेली ओळ होती, माझ्या हातची.

त्याला ती सापडली होती. हात लावायला मीच मनाई केली होती.