विठ्ठलवाडीला रेकॉर्ड केलेली चार गाणी

आम्ही तिघी अकरावीत होतो, वर्तकनगरच्या एकाच कॉलनीतल्या. मी ड्रम वाजवायचे, एक मैत्रीण गिटार, आणि जी गायची तिचे वडील घरोघरी गॅसचे सिलिंडर पोचवायचे. तिला सूर फारसा कळायचा नाही, पण ओरडायला लागली की खालची कुत्रीसुद्धा गप्प व्हायची. पंक रॉकसाठी तीन कॉर्ड आणि राग पुरतो, एवढंच आम्हाला कळलेलं.

राग क्लासमध्ये मिळायचा. आमचे सर टेस्टचे मार्क मोठ्याने वाचायचे आणि शेवटच्या पाच जणांना दाराशी उभं करायचे. एकदा तिला म्हणाले, "तू कशाला फिजिक्स करतेस? बापासोबत सिलिंडर उचल." वर्ग हसला. मीही हसले. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यावर तिने गाणं लिहिलं. मग अजून तीन झाली. विठ्ठलवाडीला हळदीची डीजे गाणी बनवणारा एक स्टुडिओ होता. तिथे एका रविवारी दुपारी चारही रेकॉर्ड केली. स्टुडिओवाला सारखा म्हणत होता, "ताई, आवाज जरा गोड ठेवा ना." ती म्हणाली, "गोड हवं तर पेढे खा."

गाणी कुठे टाकायच्या आधीच गिटारवालीने एक क्लिप कुणालातरी पाठवली आणि ती सरांपर्यंत गेली. सरांचा तिघींच्या घरी फोन. बारावीच्या बॅचला यायचं असेल तर गाणी डिलीट करा आणि वर्गासमोर माफी मागा. एरवी कधी आवाज न चढवणारे माझे बाबा लॅपटॉप माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "वर्षाचा प्रश्न आहे. कर डिलीट." मी केलं. फोनच्या कार्डात आधीच एक कॉपी लपवलेली, आणि तेवढ्यालाच मी शौर्य समजत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी माफी मागितली. सर म्हणाले, "जरा मोठ्याने. गाण्यात तर बराच आवाज होता." तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मी नाही मागणार," आणि उठून चालायला लागली. संध्याकाळी तिचे वडील येऊन तिच्या राहिलेल्या वह्या घेऊन गेले. सरांकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ती आमच्याशी पुन्हा बोलली नाही.

गेल्या महिन्यात कल्याणला एका लग्नात ती दिसली. आता हॉस्पिटलांतली मशिनं दुरुस्त करते. मी घाईघाईने म्हणाले, "अगं, आपली गाणी आहेत माझ्याकडे. टाकूया का नेटवर?"

"गाणी मला पाठ आहेत," ती म्हणाली. "तू माफी मागितलीस ते रेकॉर्ड केलेलंस का? असेल तर ते टाक."

घरी येईपर्यंत मी तिच्यावर चिडलेले. मग कळलं, चीड भलतीकडेच काढतेय.

सरांचे आता डोंबिवलीतही क्लास आहेत. परवा जेवताना बाबा म्हणाले, "तुझ्या ताईच्या मुलीला तिथेच घालूया. शिस्त चांगली आहे." मी त्यांना पहिल्यांदा सगळं सांगितलं, मी हसले होते तेसुद्धा.

"किती जुनी गोष्ट उकरून काढतेस," ते म्हणाले.

मी हात न धुताच फोन उचलला आणि त्यांच्यासमोर ताईला लावला.